इब्ने खलदून : राज्य का उभे राहते, का कोसळते?

आपल्याकडे राजकारणाची चर्चा कुठे होत नाही? मशिदीबाहेर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, आणि आता तर मोबाईलच्या ग्रुपवर रात्रंदिवस. पण ही चर्चा बहुतेक वेळा दोनच गोष्टींवर येऊन थांबते : कोणी दगा दिला आणि कोणी कट केला. खुर्चीवरचा माणूस बदलला की सगळे सुरळीत होईल, असे आपण धरूनच चालतो. सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतल्या एका आलिमाने याच्या पलीकडचा प्रश्न विचारला होता. राज्य उभे का राहते आणि कोसळते का, यामागे काही कायमची कारणे आहेत का? त्या आलिमाचे नाव अब्दुर्रहमान इब्ने खलदून. त्यांचे नाव आपल्या जलशांत अभिमानाने घेतले जाते. त्यांनी नेमके काय सांगितले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. म्हणून आज आम्ही त्यांचे आयुष्य आणि त्यांचा विचार एकत्र मांडत आहोत. कारण हे दोन्ही वेगळे करताच येत नाहीत.

इब्ने खलदून यांचा जन्म ट्युनिस शहरात १ रमजान ७३२ हिजरी, म्हणजे २७ मे १३३२ रोजी झाला. घराणे मूळचे यमनमधल्या हजरमौतचे. अनेक पिढ्या ते अंदलुसमध्ये, इश्बिलिया म्हणजे आजच्या सेव्हिल शहरात, मानाने नांदले. १२४८ मध्ये इश्बिलिया ख्रिस्ती राजाच्या हाती गेले. त्याआधीच हे कुटुंब समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत आले होते. पणजोबा ट्युनिसच्या हफ्सी दरबारात तिजोरीचे काम पाहत. एका बंडखोराने गादी बळकावली तेव्हा त्यांचा जीव गेला. वडिलांनी मात्र दरबाराकडे पाठ फिरवली आणि इल्मची वाट धरली. वतन गेलेले, दरबाराचा मान आणि दरबाराचा मार दोन्ही पाहिलेले, असे हे घर होते. सत्ता किती टिकाऊ असते, हे त्या घरातल्या मुलाला किताबात शोधावे लागले नाही.

मुलाने कुरआन पाठ केला. हदीस, फिक्ह, अरबी व्याकरण शिकला. आबिली नावाच्या उस्तादांनी त्याला तर्कशास्त्र आणि गणिताची गोडी लावली. आणि मग १३४८-४९ ची ती प्लेगची साथ आली. वडील गेले, आई गेली, कित्येक उस्ताद गेले. इब्ने खलदून तेव्हा १७ वर्षांचे होते. पुढे त्यांनी लिहिले की या साथीने पूर्व-पश्चिमेची वस्ती उजाड केली आणि जणू साऱ्या जगाचे रूपच पालटले. जग असे बदलले असेल तर त्याचा इतिहासही नव्याने लिहायला हवा, हा विचार त्यांच्या मनात तिथून रुजला.

विशीत पोहोचता पोहोचता ट्युनिसच्या दरबारात त्यांना पहिली नोकरी मिळाली. शाही फर्मानाच्या माथ्यावर अल्लाहची स्तुती सुंदर अक्षरात लिहायची, एवढेच काम. मानाचे होते, पण अधिकाराचे नव्हते. लवकरच ते मोरोक्कोतल्या फेझ शहरी, सुलतान अबू इनान याच्या दरबारात गेले. तिथे बढती मिळाली आणि संशयही आला. १३५७ मध्ये कटाच्या आरोपावरून ते तुरुंगात पडले. सुमारे २१ महिने आत होते. सुलतान मेला तेव्हाच दार उघडले.

याच फेझ शहरात एक गोष्ट घडली, जिचा आपल्या मुलखाशी थेट संबंध आहे. प्रवासी इब्ने बतूता हिंदुस्थानातून परतला होता. दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाच्या दरबारात तो काझी होता, आपले दौलताबादही त्याने पाहिले होते. तो दिल्लीच्या दानधर्माचे आणि ऐश्वर्याचे किस्से सांगे आणि फेझचे लोक त्याला खोटा ठरवत. तरुण इब्ने खलदूनलाही ते खरे वाटेनात. तेव्हा एका वजिराने त्यांना समजावले की आपण पाहिले नाही म्हणून एखादी गोष्ट खोटी ठरत नाही. तुरुंगात वाढलेल्या एका मुलाची गोष्ट त्याने सांगितली. त्या मुलाने उंदराशिवाय दुसरा प्राणीच पाहिला नव्हता. बापाने बकरीचे, उंटाचे वर्णन केले की तो विचारी, म्हणजे उंदरासारखेच का? हा किस्सा इब्ने खलदून यांनी आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवला. शक्य आणि अशक्य यांची पारख करूनच बातमी घ्यावी किंवा टाकावी, हा धडा त्यांनी यातून घेतला.

तुरुंगातून सुटल्यावर पुन्हा दरबार, पुन्हा मसलती. १३६२ मध्ये ते गरनाता म्हणजे ग्रॅनडाला गेले. तिथला सुलतान पाचवा मुहम्मद आणि त्याचा विद्वान वजीर इब्नुल खतीब यांनी त्यांचे स्वागत केले. १३६४ मध्ये ते कॅस्टिलचा ख्रिस्ती राजा पेद्रो याच्याकडे वकील म्हणून गेले. भेट झाली ती सेव्हिलमध्ये, म्हणजे पूर्वजांच्याच गावी. पेद्रोने घराण्याची जुनी मालमत्ता परत देऊ केली, माझ्याकडे राहा असा आग्रह केला. त्यांनी नम्रपणे नकार दिला. पुढे इब्नुल खतीबशी कुरबुर होऊ लागली तेव्हा त्यांनी गरनाताही सोडले. तोच इब्नुल खतीब, त्या काळचा मोठा साहित्यिक, काही वर्षांनी फेझच्या तुरुंगात मारला गेला.

१३६५ मध्ये ते आजच्या अल्जीरियातल्या बिजाया शहरात मुख्य कारभारी झाले. डोंगरातल्या बर्बर टोळ्यांकडून महसूल गोळा करण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आली. वर्षभरात त्यांचा अमीर त्याच्याच चुलतभावाशी लढताना मारला गेला आणि इब्ने खलदून यांनी शहर जिंकणाऱ्याच्या हवाली केले. पुढची ८-९ वर्षे अशीच गेली. आज या सुलतानाकडे, उद्या त्याच्या शत्रूकडे. कधी टोळ्यांना फितवायचे, कधी समजवायचे. आजच्या भाषेत त्यांना सरळ पक्षबदलू म्हणावे लागेल. त्यांच्या हयातीतही लोकांनी त्यांना यावरून नावे ठेवली. थोर माणसाचे चरित्र लिहिताना अशी बाजू झाकायची आपल्याकडे सवय आहे. पण झाकायचे कशाला? दरबार आणि टोळी या दोन्ही जागा इतक्या जवळून पाहिलेला दुसरा इतिहासकार त्या काळात सापडणे कठीण. बघितले तेच त्यांनी पुढे विचारात उतरवले.

१३७५ मध्ये ते या सगळ्याला कंटाळले. ओरानच्या दक्षिणेला, एका टोळीच्या आश्रयाने, कलअत इब्ने सलामा नावाच्या एकाकी गढीत ते कुटुंबासह जवळजवळ ४ वर्षे राहिले. तिथेच १३७७ मध्ये, अवघ्या ५ महिन्यांत, त्यांनी मुकद्दमा लिहून काढला. मुकद्दमा म्हणजे प्रस्तावना. किताबुल इबर या त्यांच्या विशाल इतिहासाची ही प्रस्तावना; पण ती मूळ ग्रंथापेक्षा जास्त गाजली.

बातमीची पारख

मुकद्दमाची सुरुवात राज्यापासून नाही, बातमीपासून होते. इतिहासात खोटे का शिरते, याची कारणे ते एकेक करून सांगतात. आपल्या गटाचा अभिमान असला की मन सोयीची बातमी पटकन स्वीकारते. सांगणारा मोठा माणूस असला की आपण तपासत नाही. सत्ताधाऱ्याची मर्जी मिळवण्यासाठी लोक स्तुती पसरवतात. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे माणसांचा समाज कसा चालतो, हेच ठाऊक नसणे. हजरत मूसा (अ.) यांच्या सैन्यात ६ लाखांहून अधिक लढवय्ये होते, असे जुने इतिहासकार लिहीत. इब्ने खलदून विचारतात, एवढे सैन्य वाळवंटात उभे राहील कसे, त्याला रसद कुठून मिळेल, एका टोकाला दुसऱ्या टोकाचे काही कळेल का? तिथे ते प्रेषितांवरच्या श्रद्धेला धक्का लावत नाहीत. सांगणाऱ्याच्या आकड्याला प्रश्न करतात.

ही यादी हातात घेऊन आपल्या मोबाईलवरचा कोणताही फॉरवर्ड केलेला मेसेज तपासून पाहा. आपल्या समाजाविरुद्ध अफवा पसरवणारे याच कमजोरीवर जगतात, हे खरे आहे. पण आपण आपसात पाठवतो त्या मेसेजचे काय? अमुक देशात अमुक लाख लोकांनी एका दिवसात इस्लाम स्वीकारला, अमुक शास्त्रज्ञाने अमुक कबूल केले... अभिमान वाटला म्हणजे बातमी खरी ठरली का? सनद तपासण्याची परंपरा ज्या उम्मतने जगाला दिली, तिने तरी पाठवण्याआधी अंगठा जरा आवरावा.

असबियत म्हणजे काय?

इब्ने खलदून यांच्या विचाराचा कणा म्हणजे असबियत. या शब्दाला मराठीत नेमका शब्द नाही. भाऊबंदकी म्हटले की आपल्याला भांडणच आठवते. असबियत त्याच्या अगदी उलट. एकमेकांसाठी उभे राहण्याची, प्रसंगी जीव देण्याची वृत्ती म्हणजे असबियत. ती रक्ताच्या नात्यातून येते, तशीच करारातून, सहवासातून आणि सोबत सोसलेल्या संकटातूनही येते. वाळवंटात, डोंगरात राहणाऱ्यांना एकमेकांशिवाय गत्यंतर नसते, म्हणून त्यांच्यात ती घट्ट असते. अशी टोळी शहरावर चाल करते आणि सैल पडलेली राजवट उलथवते. धर्माची हाक तिला जोडली तर ताकद कैक पटींनी वाढते. पण नुसती हाक पुरत नाही. पाठीशी संघटित माणसे नसताना केवळ नेक हेतूने उठाव करणारे अयशस्वी होतात, असे ते रोखठोक सांगतात.

इथे एक शंका येईल. प्रेषितांनी (स.) तर असबियतला नापसंत केले आहे! इब्ने खलदून यांनी या प्रश्नाला उत्तर दिले आहे. जाहिलियतच्या काळातली, आपला तो बरोबरच म्हणणारी, कुळाच्या गर्वावर पोसलेली असबियत निषिद्ध. हक्कासाठी, न्यायासाठी एकत्र येणे निषिद्ध नाही. त्याशिवाय न्याय टिकणारच नाही. आज आपल्या मोहल्ल्यांत बिरादरीच्या, मसलकच्या नावाने ज्या कमिट्या चालतात, त्यांना हीच कसोटी लावून बघा. एखादी कमिटी गरीब मुलांची फी भरण्यासाठी आहे, की दुसऱ्या बिरादरीचा उमेदवार पाडण्यासाठी?

राजवटीचे वय

राज्य मिळाल्यावर काय होते? इब्ने खलदून म्हणतात, पहिली पिढी कष्टाची असते. दुसरी तिला पाहून वाढलेली असते. तिसरीला वाटते की हे सगळे आपल्या बापजाद्यांचे, कायमचे आहे. ४० वर्षांची एक पिढी धरली तर तीन पिढ्या म्हणजे १२० वर्षे. राजवटीचे सर्वसाधारण वय एवढेच. राज्यकर्ता सोबतच्या साथीदारांना दूर सारतो, मोठेपणा एकट्याकडे घेतो, आणि पगारी शिपाई व तोंडपुजे जवळ करतो. थाटमाट वाढतो, खर्च वाढतो, मग कर वाढतो.

कराविषयी त्यांचे निरीक्षण जगभर गाजले. राजवटीच्या सुरुवातीला करांचे ओझे कमी असते आणि वसुली जास्त होते. अखेरीला ओझे प्रचंड आणि वसुली थोडी. कारण शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला हातात काही उरत नाही असे दिसले की तो कामातून मन काढून घेतो. १९८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी करकपातीच्या समर्थनासाठी इब्ने खलदून यांचेच नाव घेतले होते. पण रेगन यांनी अर्धेच घेतले, असे आम्हाला वाटते. कारण त्याच मुकद्दमात असेही आहे की सरकार ही सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. सरकारने पैसा दाबून ठेवला, खर्च केला नाही, तर सगळ्याच बाजाराला मंदी येते. कर किती, याच्याइतकाच तो कुणाकडून घेतला आणि कुठे खर्च झाला, हाही प्रश्न आहे. अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवरची चर्चा ऐकताना हे दोन्ही भाग लक्षात ठेवले तर बरेच काही उमगते.

राज्यकर्त्याने स्वतः व्यापारात उतरू नये, हा त्यांचा आणखी एक सिद्धान्त. राज्यकर्ता दुकान मांडून बसला की त्याच्याशी स्पर्धा कोण करणार? तो स्वस्तात घेतो, महागात विकतो आणि रयतेचा धंदा बसतो. याचा दाखला त्यांच्याच जन्मभूमीने दिला. ट्युनिशियावर बेन अली यांनी २३ वर्षे राज्य केले. २०१४ मध्ये जागतिक बँकेच्या एका अभ्यासात दिसले की त्यांच्या कुटुंबाशी जोडलेल्या २२० कंपन्या देशातल्या खासगी क्षेत्राच्या नफ्यातला सुमारे २१ टक्के हिस्सा एकट्या घेत होत्या. १७ डिसेंबर २०१० ला सीदी बूझीद या गावी एका हातगाडीवाल्या तरुणाचा माल अधिकाऱ्यांनी जप्त केला आणि त्याने स्वतःला पेटवून घेतले. महिन्याभरात, १४ जानेवारी २०११ ला, बेन अली देश सोडून पळाले. त्या दिवशी ट्युनिसच्या ज्या मोठ्या रस्त्यावर जनता उतरली होती, त्याच रस्त्यावर इब्ने खलदून यांचा पुतळा उभा आहे.

जुलूम फक्त पैसा किंवा जमीन हिसकावण्याचा नसतो, असे ते बजावतात. हक्क नसताना मागणी करणे, नसलेले कर्तव्य लादणे हाही जुलूमच. आणि सर्वांत मोठ्या जुलमांपैकी एक बेगारीचा, कारण मेहनत हेच गरिबाचे भांडवल. ते फुकट घेतले की त्याच्याकडे काहीच उरत नाही. जुलमामुळे वस्ती उजाड होते आणि वस्ती उजाड झाली की राज्यही जाते. आपल्या संविधानाच्या कलम २३ ने बेगारीवर बंदी घातली आहे. पण यंत्रमागावर, वीटभट्टीवर, उसाच्या फडात राबणाऱ्यांची मजुरी अडवणारे फक्त सरकारातच असतात का? मालक म्हणून आपणही या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे.

आम्ही शिकवणारी माणसे, म्हणून आणखी एक मुद्दा. मुलांवर कठोरपणा केला तर ती खोटे बोलायला, सोंग करायला शिकतात, त्यांची उमेद मरते, असे इब्ने खलदून लिहितात. आणि लगेच जोडतात की दडपलेल्या कौमांचेही असेच होते. छडीचा आणि राजकारणाचा संबंध असा जोडणारा माणूस विरळाच.

काहिराची वर्षे

ग्रंथ पुरा करायला ग्रंथालये हवी होती, म्हणून ते १३७८ मध्ये ट्युनिसला परतले. तिथेही मत्सर आडवा आलाच. १३८२ मध्ये हजचे निमित्त सांगून ते निघाले आणि इजिप्तला पोहोचले. सुलतान बरकूक याने त्यांची कदर केली. मदरशात शिकवायला मिळाले आणि १३८४ मध्ये ते मालिकी काझी झाले. खोटे साक्षीदार, लाचखाऊ कारकून, वशिला लावणारे अमीर, कुणाचीही गय त्यांनी केली नाही. साहजिकच शत्रू वाढले. त्याच वर्षी ट्युनिसहून येणारे त्यांचे कुटुंब अलेक्झांड्रियाजवळ जहाज बुडून दगावले. काझीपदही गेले. १३८७ मध्ये त्यांनी हज केला. पुढे काझीपद मिळत गेले, जात गेले. एकूण ६ वेळा त्यांची नेमणूक झाली.

जानेवारी १४०१ मध्ये ते दमिश्कमध्ये होते आणि बाहेर तैमूरचा वेढा होता. दोनच वर्षांपूर्वी दिल्ली लुटणारा हाच तैमूर. इजिप्तचा तरुण सुलतान बंडाच्या भीतीने काहिराला परतला होता. सत्तरीकडे झुकलेले इब्ने खलदून दोराने तटावरून खाली उतरले आणि तैमूरला जाऊन भेटले. महिनाभर भेटी झाल्या. तैमूरने त्यांच्याकडून मगरिबच्या मुलखाचे वर्णन लिहून घेतले. त्यांनी कुरआनची प्रत, जानमाज आणि मिठाई नजर केली. तैमूरने त्यांचे खेचर मागून घेतले. त्यांनी काही लोकांसाठी अभय मिळवले, पण दमिश्क वाचले नाही. शहर लुटले गेले, उमवी मशीद जळाली. सत्तेचे नियम जाणणाऱ्यालाही सत्ता रोखता येतेच असे नाही, हे त्या आगीने दाखवले. १७ मार्च १४०६ ला, रमजान महिन्यात, काझीपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. काहिराच्या बाबुन्नसर बाहेरच्या सूफी कब्रस्तानात त्यांना दफन केले गेले.

आपण काय घ्यायचे?

इब्ने खलदून यांचे सगळेच मानायचे नाही. अति उष्ण आणि अति थंड मुलखांतल्या माणसांबद्दल त्यांनी हीन मते लिहिली आहेत. ती सोडूनच द्यायला हवीत. त्यांनी पाहिली ती राज्ये तलवारीने येत आणि तलवारीने जात. मतपेटीने सरकार बदलता येते, हे त्यांच्या काळात नव्हते. तरीही राज्यांचे प्रकार सांगताना एकाच्या मर्जीने चालणाऱ्या राज्याच्या वरचे स्थान ते कायद्याने चालणाऱ्या राज्याला देतात. अल्लाहच्या शरीअतवर चालणारे राज्य त्यांच्या मते सर्वोत्तम. पण अकलेने बनवलेल्या कायद्याचे महत्त्वही ते ओळखतात. आपण संविधानाच्या राज्यात राहतो. १२० वर्षे वाट न पाहता पाच वर्षांनी हिशोब मागण्याची सोय आपल्या हाती आहे.

पण सोय असणे आणि ती वापरणे यात असबियतचे अंतर आहे. २०११ नंतर ट्युनिशियाने नवे संविधान बनवले. पण बेरोजगारी आणि पक्षांच्या भांडणांना लोक कंटाळले. जुलै २०२१ मध्ये अध्यक्षांनी संसद थांबवली तेव्हा अनेकांनी रस्त्यावर येऊन आनंद साजरा केला. हुकूमशहाला हाकलताना आलेली एकजूट कायदा सांभाळण्यापर्यंत पोहोचली नाही, असा अर्थ आम्ही त्यातून काढतो.

आपल्यापुढचे काम तेच आहे, वस्तीच्या पातळीवर. मतदार यादीत नाव आहे का, वॉर्डाचा निधी कुठे गेला, शाळेत शिक्षक का नाही, शेजारच्या दलित, आदिवासी, ओबीसी वस्तीचा प्रश्न आपलाच आहे का? कट कोणी केला हे शोधण्यात रात्र जाते. ही कामे दिवसा करायची असतात. राज्ये माणसांच्या सवयींवर उभी राहतात आणि त्यांच्याच सवयींनी पडतात, हे इब्ने खलदून यांनी दाखवून दिले. सवयी बदलणे मात्र त्यांनी आपल्यावर सोडले आहे.